खारवलेला कुरंग आणि सासूबाईंचे गुडघे

माझ्या नवऱ्याचं डोंगरावर दुसरं बिऱ्हाड आहे, हे मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. भांडायचीही सोय नाही. सवतीला चार पाय आहेत, दोन शिंगं आहेत आणि ती कड्यावर जिथे उभी राहते तिथे मला चप्पल फेकूनही मारता येत नाही. आमचे हे डोंगराचे रखवालदार. सरकारी. अंगात खाकी सदरा, गळ्यात दुर्बीण, आणि काम काय, तर दिवसभर कुरंगांकडे बघत बसायचं.

कुरंग म्हणजे काय ते आधीच सांगते, नाहीतर तुम्ही हरीण समजाल आणि ह्यांच्या कानावर गेलं तर दोन दिवस जेवणार नाहीत. ते हरीण नव्हे. शेळीही नव्हे. दोघांच्या मधलं काहीतरी, करड्या रंगाचं, अंगाने भरलेलं, नराला आणि मादीला दोघांनाही वीतभर शिंगं. सरळ उभ्या कड्यावर असं चढतं की बघणाऱ्याने डोळेच मिटून घ्यावेत. माणूस दिसला की नाक फुगवून शिंकतं आणि पळून जातं. थोडक्यात काय, पाहुणे आल्यावर आमचे हे करतात तेच.

पूर्वी म्हणे साठ-सत्तर होते. मग खालच्या खाणीत सुरुंग लागायला लागले, मोकाट कुत्री वर चढायला लागली, ज्याची त्याची शेळी कड्यावरचं गवत फस्त करायला लागली. या वर्षाच्या सुरुवातीला एकोणीस उरले होते. त्यातले चार कुणीतरी गोळी घालून मारले. मांसाला हातही लावला नाही. फक्त शिंगं कापून नेली. त्यांची पूड करून लोक गुडघेदुखीवर खातात म्हणे. अरे, शिंग काय आणि नख काय, माल एकच. शिंगाने गुडघे बरे होत असतील तर आपापली नखं कुरतडत बसा ना घरात!

राहिले पंधरा. त्यात एक पिल्लू. चार वर्षांतलं पहिलं, आणि तेही माझ्या सवतीचं, म्हणजे ह्यांच्या लाडक्या म्हाताऱ्या मादीचं. पिल्लू दूधपितं. आई गेली तर तेही गेलं. "आणि ते गेलं की संपलं," हे एकदा जेवताना म्हणाले. "बाकीचे सगळे म्हातारे आहेत. मग नुसता दगडांचा ढीग. दगडांना रखवालदार लागत नाही." एरवी हे असं बोलत नाहीत. माझ्या हातातला डाव हातातच राहिला.

तर एक दिवस साहेबांचा आदेश आला. साहेब शहरात बसतात. डोंगर त्यांनी नकाशात पाहिलाय. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, हे फोनवरून कुरंग हाकतात. आदेश असा: कड्याखालच्या सपाटीवर नकली कुरंग उभा करावा, शिकारी त्यावर गोळी झाडील, त्याच क्षणी दबा धरून बसलेल्या रखवालदाराने त्याला पकडावं. आणि नकली कुरंग आणायचा कुठून? "स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी."

स्थानिक पातळी म्हणजे मी.

माझं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मी सोफे, खुर्च्या, गाद्या मढवते. वीस वर्षं झाली. या भागात तुम्ही ज्यावर बसाल त्याच्या आत माझे टाके सापडतील. पण कुरंग मी कधी मढवला नव्हता.

"त्यात काय एवढं," हे म्हणाले. "चार पाय खुर्चीलाही असतात."

मोडक्या सोफ्याचा सांगाडा घेतला. जेवणाच्या खुर्च्यांचे चार पाय ठोकले. मानेला सोफ्याचा हात बसवला. पोटात सहा स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर फोम. डोळ्यांना ओव्हरकोटाची दोन काळी बटणं, प्रत्येकी चार भोकांची. आता हात सवयीने चालतो, त्याला मी काय करू? पाठीच्या कडेने सुबक गोट शिवला आणि पोटाखाली चेन लावली, म्हणजे खोळ काढून धुता यावी. हे बघतच राहिले.

"कुरंगाला चेन?"

"धुवायचा कसा मग?"

चेन राहू दिली, पण चेहऱ्यावरून ह्यांनी माझं डोकं उठवलं. "ती अशी बघत नाही."

"मग कशी बघते?"

ह्यांनी मान तिरकी केली, नाक फुगवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की लग्नाच्या बावीस वर्षांत माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी मुकाट्याने बटणं उसवली आणि पुन्हा लावली.

राहता राहिलं कातडं. ह्यांच्या चौकीच्या कोठीत एक जप्त केलेलं कुरंगाचं कातडं मीठ लावून गुंडाळून ठेवलं होतं. ते आणलं. आमच्या धंद्यात चामडं येतं ते तयार होऊन, मऊसूत. कच्च्या कातड्याला मी जन्मात हात लावला नव्हता. वास तर असा, की समोरच्या न्हाव्याने दुकानाचं दार लावून घेतलं. मला धास्ती, हे वर उन्हात कुजलं तर माझ्या कामाचं नाव खराब. म्हणून मी आणखी दोन किलो जाडं मीठ घेतलं आणि आतून-बाहेरून चांगलं चोळचोळ चोळलं. माती खाल्ली ती इथेच.

बुधवारी आम्ही दोघांनी तो कुरंग चादरीत झाकून टेम्पोत घातला. चादरीखालून चार पाय बाहेर. रस्त्यात तिघांनी विचारलं, "सोफा कुणाकडे?" मी म्हटलं, "हवापालटाला."

आमच्या सासूबाई तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघत होत्या. लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांचं सगळं जग त्या खिडकीतून चालतं. आवाज मात्र असा, की त्यांनी वरून मला हाक मारली की मागच्या गल्लीतला माणूस "ओ" देतो. "अगं, त्याला बसायला जागा कुठाय?" त्या वरून ओरडल्या. एवढा गुप्त बेत, पण सगळ्या रस्त्याने माना वर केल्या.

गुरुवारी संध्याकाळी हे घरी आले ते अक्षरशः नाचत. बूटसुद्धा काढले नाहीत.

"आले! स्वतःहून आले! पाचजण! पिल्लूही! त्याला चाटत होते गं. पंचवीस पावलांवर! मी पिल्लाच्या पापण्या पाहिल्या!"

"कुणाला चाटत होते?"

"आपल्या कुरंगाला! जिभा लांब काढून. म्हातारी तर मानेपासून जी सुरू झाली..."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मीठ. डोंगरावरच्या जनावराला मिठासारखी दुसरी मेजवानी नाही, हे ह्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. शिकाऱ्याला फसवायचं म्हणून मी जे उभं केलं, त्याने कुरंगच गोळा व्हायला लागले. आणि तेही कुठे, तर मोकळ्या सपाटीवर, नेम धरायला सगळ्यात सोप्या जागी!

"अहो, उद्याच्या उद्या तो काढा तिथून," मी म्हटलं.

ह्यांचा चेहरा पडला. साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, आदेश रविवारपर्यंतचा आहे, मधेच हलवलं तर फाइलमध्ये काय लिहायचं? झालं. ह्यांनाही मनातून तेच हवं होतं. बावीस वर्षं दुर्बिणीतून पाहिलेलं माणूस पंचवीस पावलांवर आलं, तर कोण उठून जाईल?

"मी आहे ना राखायला," हे म्हणाले. "उद्यापासून चौकीतच झोपतो. आज बरोबर सकाळी आठला आले, आता रोज येतील बघ, घड्याळ लावल्यासारखे. हाडवैद्यालाही सांगितलं मी. तोही किती खूश झाला!"

हा हाडवैद्य आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीचा. गोड बोलणं, गार हात. मुरगळलेले पाय, उतरलेले खांदे बसवतो. आठवड्यातून एकदा डोंगरावर झाडपाला गोळा करायला जातो, आणि जाताना चौकीवर ह्यांच्याकडे चहा पितो. परत येताना आमच्याकडे थांबून सासूबाईंचे गुडघे दाबून देतो. ह्यांना त्या डोंगरात बोलायला दुसरं कोण आहे? त्यामुळे सहा वर्षं चहाबरोबर हे त्याला सगळं सांगत आले, कोण कुठल्या कड्यावर दिसलं, कोण लंगडतंय, कोणाला पिल्लू झालं. नवीन जावयाचं कौतुक करावं तसं. नकली कुरंगाचं गुपित मात्र सांगितलं नाही हं, असं हे मला छाती फुगवून म्हणाले.

मीही त्या वेळी मान डोलावली. खोटं कशाला सांगू.

शनिवारी सकाळी साडेसहाला वरच्या खोलीतून हाक आली. इमारत जागी झाली. मी धावत गेले. सासूबाई त्यांच्या आरामखुर्चीत अशा बसल्या होत्या, की फक्त डोकं आणि पावलं दिसत होती, मधला सगळा माणूस खाली गेला होता. बैठकीखालचे पट्टे तुटले होते.

"हसू नकोस. ओढ."

ओढलं. दोनदा हात सुटला, तिसऱ्यांदा त्या बाहेर आल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या. मी खुर्ची उलटी करण्याआधी बैठकीच्या खाचेत हात घातला. आमच्या धंद्यातली ही पहिली रीत. कुठलीही खुर्ची आली की आधी खाचेत हात. लोकांच्या खाचांतून मी कंगवे काढलेत, किल्ल्या काढल्यात, एका काकांची कवळी काढली आहे. घरात जे हरवतं ते तिथे असतं, आणि जे लपवतात तेही.

सासूबाईंच्या खाचेतून पुड्या निघाल्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या, घडी घातलेल्या, बऱ्याचशा रिकाम्या. दोन भरलेल्या. एक उघडली. करडी पूड, त्यात एक बारीक वळलेला कीस. तसला कीस ह्यांनी मला एकदा दाखवला होता, मेलेल्या कुरंगाच्या डोक्याशी सापडलेला. 

"आई, हे काय आहे?"

"कॅल्शियम."

"आई."

"हाडवैद्य देतो. गुडघ्यांसाठी. तुला काय करायचंय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! ह्यांनी कुरंगांचा मारेकरी शोधायला सगळा डोंगर पालथा घातला, कोण खातं ही पूड म्हणून बाजारातल्या दुकानादुकानांतून विचारून आले, आणि पूड इथे, आमच्या घरात, मी मढवलेल्या खुर्चीत. मी पुडी त्यांच्यापुढे धरली.

"कशाची आहे, माहीत होतं तुम्हाला?"

सासूबाई खिडकीकडे बघत राहिल्या. "विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "रात्र रात्र गुडघा ठणकतो तेव्हा माणूस विचारत नाही." मग हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्याच मजल्याला ऐकू जाईल अशा, "वाटलं होतं. पण विचारलं नाही."

मला भयंकर राग आला, पण करते काय. त्या माझ्या सासूबाई. ओरडताही येत नाही, आणि ओरडून त्यांच्यापुढे माझा आवाज टिकणार आहे थोडाच? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेवढ्यात त्याच पुढे बोलल्या.

"आज ताजी आणतो म्हणाला होता परवा. म्हणाला, बरीच मिळेल, सगळे सकाळी एकाच जागी जमतात."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चोराच्या हाती किल्ल्या कुणी दिल्या हे दोघींनाही एकदमच कळलं.

मी ह्यांना फोन लावला. कड्याखाली फोन लागत नाही, लागला नाही. चौकीतला फोन नुसता वाजत राहिला. मी टेम्पोची किल्ली उचलली, तर सासूबाई पायात चपला सरकवत होत्या.

"तुम्ही कुठे निघालात? तुमचे गुडघे!"

"गुडघे माझे आहेत." कठड्याला धरून त्या पहिली पायरी उतरल्याही. "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा त्याला माझ्या तोंडून कळू दे."

तीन मजले त्या उतरल्या, प्रत्येक पायरीला एक शिवी. शिव्या कुणाला होत्या ते मी विचारलं नाही.

चौकीवर पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. दार उघडं. आत टेबलावर दोन कप. एकात अजून घोटभर चहा होता. मी हात लावून पाहिला, कोमट.

"चहा पाजला!" मी ओरडले. "ह्या माणसाने आजही त्याला चहा पाजला!"

"माझाच मुलगा," सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्याला विचारल्याशिवाय राहायचा नाही."

तिथून पुढे पायवाट. अर्ध्या तासाची चढण, तीही माझ्यासारखीला. सासूबाईंना मागून ढकलत, पुढून ओढत मी वर चढवलं. दर दगडाशी त्या थांबायच्या. मी म्हणायचे, बसा इथेच, मी पुढे जाते. त्या दगडावर बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "फार खोलगट आहे," आणि उठून पुढे चालायला लागायच्या. दगडात चांगली बैठक मिळेना म्हणून माझी सासू डोंगर चढली, असं मी कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

वर पोचलो आणि जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. सपाटीच्या मधोमध माझा कुरंग उभा होता, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. कुरंगांनी चाटून चाटून कातड्याला भोकं पाडली होती. पोटातून काथ्या लोंबत होता, एक स्प्रिंग बाहेर डोलत होती, एक डोळा गायब. आणि भोवती सात-आठ खरे कुरंग, जिभा बाहेर, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे. माझी सवत मानेशी होती. आज पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. हनुवटीखाली पांढरं, डोळे मोठे, आणि खरंच, ती माझ्या बटणांसारखी बघत नव्हती. पिल्लू पोटाखाली घुसून चेन ओढत होतं.

"हा काथ्या मी किती नीट भरला होता," मी म्हणाले. माणसाला कुठल्या वेळी काय सुचेल, नेम नाही.

हे पलीकडच्या खडकाआड होते. राखण करायची सोडून दोन्ही हात गालांना लावून बघत होते, डोळ्यांतून पाणी. कुणी येऊन ह्यांची दुर्बीण, बूट, सदरा काढून नेला असता तरी ह्यांना कळलं नसतं.

आणि ह्यांच्या मागे, वरच्या अंगाला, झुडपांत, झाडपाल्याची पिशवी घेऊन हाडवैद्य गुडघ्यांवर बसला होता. पिशवीतून त्याने काय काढलं ते मला दिसलं. नळी लांब होती. ती माझ्या सवतीच्या दिशेला वळली.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून हवाच आली. चढून चढून दम संपला होता. मी हात हलवला, ह्यांनी पाहिला नाही. पळत सुटावं तर मधे सगळी सपाटी. त्या एका क्षणात मी सवतीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, पळ गं बाई. देवाशप्पथ असंच म्हटलं.

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी एकदा आपल्या मुलाच्या पाठीकडे पाहिलं. नुसतं "ए" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. "चोर" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुलाला काही कळायचं कारणच नव्हतं. पुड्या माझ्या खिशात होत्या आणि मी काही बोलले नसते.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"अहो हाडवैद्य! माझी पूड! माझी कुरंगाची पूड आणली का?"

सगळा कडा तेच परत बोलला. पूड, पूड, पूड.

सगळे कुरंग एकदम शिंकले. मग नुसती खुरांची तडतड, आणि सपाटी रिकामी. पिल्लू सगळ्यात शेवटी, चेनीचा तुकडा तोंडात, पण आईच्या मागोमाग सरळ कड्यावर. हाडवैद्याने दचकून चाप ओढला. गोळी माझ्या कुरंगाच्या पोटात बसली आणि राहिलेल्या पाचही स्प्रिंगा एकदम सुटल्या. एक तर उडून त्याच्याच कपाळावर बसली. तो मागे कलंडला, घसरला, घरंगळत खाली आला आणि ह्यांच्या पायाशी येऊन थांबला. घोटा उतरला होता. तालुक्यातला एकमेव हाडवैद्य, आता त्याचा घोटा बसवणार कोण!

हे त्याच्या छातीवर बसले. बसले म्हणजे बसले. बाजूला बंदूक, पिशवीत बारीक करवत. ह्यांनी त्याला एकच विचारलं, "सहा वर्षं माझा चहा प्यालास?"  गोळीचा आवाज ऐकून खालच्या खाणीतले चार कामगार वर आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. जाताना तो त्यांना माझा पाय असा नाही, तसा धरा म्हणून सांगत होता.

मग हे उठले, दुर्बीण लावली आणि कड्यावर मोजायला लागले. ओठ हलत होते. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"पंधरा," हे म्हणाले. "पिल्लू धरून पंधरा."

मग दुर्बीण खाली आली आणि हे आईकडे वळले. मला वाटलं होतं त्या गडबडीत ह्यांनी ऐकलं नसेल. पण तो आवाज कोण ऐकणार नाही?

"कधीपासून?"

"वर्ष होईल," सासूबाई म्हणाल्या. नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "फरक काहीच पडला नाही. तरी खात राहिले."

 मला वाटलं, ओरडावं ह्यांनी, काहीतरी आपटावं. मेलेल्या त्या चारही कुरंगांना ह्यांनी स्वतः खड्डे खणून पुरलं होतं. दर वेळी घरी येऊन न जेवता झोपले, आणि दर वेळी सासूबाईंनीच ताट झाकून ठेवलं होतं. हे तसेच उभे राहिले. सासूबाईही उभ्या राहिल्या. दोघंही एकाच जातीचे हट्टी, मान वर करून. मधे मी, हातात काथ्याचा गोळा.

शेवटी हे वळले आणि वाटेला लागले. सासूबाईंनी मागोमाग पाऊल टाकलं आणि "आई गं" म्हणून मटकन खाली बसल्या. चढताना रागाने चढल्या होत्या. आता राग संपला आणि गुडघे उरले. दोन्ही आखडले. मी बगलेत हात घालून उठवायला बघितलं, जमेना.

हे थांबले. थोडा वेळ पाठ करूनच उभे राहिले. मग परत आले, आईपुढे पाठ वळवून उकिडवे बसले आणि दोन्ही हात मागे केले. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना उचलून ह्यांच्या पाठीवर दिलं.

वाट उतरायला लागलो. पुढे हे, पाठीवर आई, मागे मी. कुणी बोलेना. सासूबाई तर असा श्वास घेत होत्या, की आपण आहोत हे मुलाला कळूच नये. वळणं संपेनात. मला एकदा वाटलं, आता हे आयुष्यभर आईशी बोलणार नाहीत, आणि त्या दोघांमध्ये मी निरोप पोचवत म्हातारी होणार.

निम्म्या वाटेवर ह्यांना दम लागला. थांबले. एका खडकाला हात टेकला.

"आई, जड झालीयेस गं."

"चारजण आहेत रे माझ्या पोटात," सासूबाई म्हणाल्या. "जड नाही लागणार तर काय."

 आता हे त्यांना तिथेच खाली ठेवणार, असंच मला वाटलं. ह्यांनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले, त्याबरोबर पाठीवरच्या सासूबाईही हलायला लागल्या. हे हसत होते की रडत होते ते मला मागून दिसेना, आणि पुढे जाऊन बघायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळाने ह्यांनी आईला थोडं वर सरकवून पाठीवर नीट घेतलं.

"घट्ट धर," हे म्हणाले. "पुढे उतार आहे."